भेगेवरची टिकली

पांढऱ्या मातीचा वास मला सहन होत नाही. लातूरला आम्ही राहतो त्या भागात माती फारशी दिसत नाही, अंगणात फरशी आणि रस्त्यावर डांबर, त्यामुळं बायकोला आणि मुलांना माझी ही खोड अजून कळलेली नाही. पण कधी खेड्यात लग्नाकार्याला गेलो आणि कुणी धाब्याच्या घरावर माती टाकताना दिसलं, की मी काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या गल्लीनं जातो. पन्नाशी गाठली आहे. ज्या माणसापाशी हे बोलायला हवं होतं त्याच्यापाशी बोलायला मला एकतीस वर्षं लागली. इथं लिहितो आहे ते त्यानंतर.

परंड्याला आमचं घर माळवदाचं होतं. सागाच्या तुळया, त्यांच्यावर बारीक लाकडं, लाकडांवर तरवडाच्या फांद्या आणि त्यावर वीतभर जाडीची पांढरी माती. दर वैशाखात तिच्यावर नवा थर पडायचा. ही माती शेतात मिळत नाही. शेतातली ती काळी. पांढरी म्हणजे जिथं कधीकाळी गाव होतं आणि उठून गेलं किंवा बुडालं, त्या जागेची. पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, माणसांचं शेकडो वर्षांचं राहणं कुजून-मुरून ती झालेली असते, आणि तिच्यातून पाणी उतरत नाही. आमच्या भागात गावाबाहेर, नदीकाठी अशी टेकाडं जागोजागी आहेत. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, शाळेत इतिहास शिकवायचे. गाढवांवरून माती आली की ते चाळणी घेऊन अंगणात बसायचे. शंखाच्या बांगडीचा तुकडा, मणी, तांबड्या खापराची चकचकीत किनार असं काहीबाही वेचून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. आई म्हणायची, "मेलेल्या बायांच्या बांगड्या घरात कशाला?" अण्णा म्हणायचे, "अगं, त्यांचं सगळं गाव आपल्या डोक्यावर टाकून झोपतो आपण. बांगडीनं काय होतंय?"

आमचं माळवद करायला दस्तगीर मिस्त्री यायचे. त्यांचा मुलगा इस्माईल माझ्या वर्गात. मी त्यांना चाचा म्हणायचो, आणि माझं निम्मं बालपण त्यांच्या अंगणात गेलं. त्या अंगणात एक खड्डा होता. त्यात पांढरी, भुसा आणि शेण भिजत घातलेलं असायचं आणि चाचा व त्यांच्याकडं काम शिकणारे दोघं-तिघं सकाळपासून ते पायांनी तुडवायचे. तो पचाक-पचाक आवाज, आतून चाचीच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि मधूनच धाकट्या जुबेदाचं पाढे म्हणणं. चाचीच्या हातची भाकरी पापुद्र्यासारखी पातळ. तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्चं तेल. मी जेवायला नको म्हटलं तर ती रागवायची, "आमच्यात जेवलं तर बाटतो व्हय रं?" मग मी दोन भाकरी खायचो. इस्माईल माझ्यापेक्षा उंच, हाडापेरानं मोठा, आणि कामाच्या वेळी एकदम गप्प होणारा होता. आठवीत असतानाच त्याला चालताना वर बघायची सवय लागली होती. कुणाच्याही घरात गेला की आधी छताकडं बघायचा.

बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आम्ही चौघांनी परंड्याच्या किल्ल्यापासून नळदुर्गच्या किल्ल्यापर्यंत पायी जायचं ठरवलं. मी, इस्माईल, बापू आणि दिगंबर. कल्पना खरं तर अण्णांची. त्यांनी कित्येक वर्षं खपून एक नकाशा काढला होता. वाटेतली जुनी देवळं, बारवा, पांढरीची टेकाडं, मग तेर, धाराशिवची लेणी आणि शेवटी नळदुर्ग. त्यांचा एक पाय अधू होता, त्यामुळं स्वतः ते कधी चालू शकले नाहीत. निघताना त्यांनी मला नकाशा दिला आणि म्हणाले, "सडकेनं जाऊ नका. सडक कालची आहे. पांढरी धरून जा. एका गावाच्या हाडावरून दुसऱ्या गावाच्या हाडावर." आई म्हणाली, "निघताना हाडं कशाला काढता?"

पहिले तीन दिवस इतके चांगले गेले की ते आठवायचीसुद्धा मला भीती वाटते. आम्ही पहाटे निघायचो, दहापर्यंत चालायचो, मग एखाद्या देवळात नाहीतर बारवेत ऊन टाळायचो, आणि चारनंतर पुन्हा चालायचो. बापू चाळीस एकरवाल्याचा पोरगा, अंगानं भरलेला आणि तोंडानं त्याहून. दिसेल त्याची टिंगल करायचा. दिगंबर काटकुळा, त्याला पायऱ्या मोजायचा नाद. आमच्या भागातल्या बारवा म्हणजे चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जाणाऱ्या विहिरी. वर पन्नास पावलांवर जमीन भाजत असायची आणि खाली पारव्यांच्या पंखांची फडफड आणि शेवाळाचा गारवा. बापू तळाशी उभा राहून ओरडायचा, "मास्तऽऽर!" आणि बारव चार वेळा मला हाक मारायची. मास्तरचा मुलगा म्हणून मला हे नाव होतं.

माझी टिंगल करायला त्याला कारण लागायचं नाही, पण मी त्याला पुष्कळ पुरवली. पहिल्याच सकाळी मी वाळलेल्या वेलीला साप म्हणून ओरडलो. दुसऱ्या दिवशी दूरच्या धुरळ्याला वावटळ म्हणून सगळ्यांना ओढ्यात बसवलं, तर तो म्हशींचा कळप निघाला. तेव्हापासून मी तोंड उघडलं की बापू म्हणायचा, "थांबा रे, मास्तरची बातमी आली." सगळे हसायचे. मीही हसायचो. अठराव्या वर्षी हसण्यावारी नेलेली गोष्ट आत कुठं जाऊन बसते ते आज मला शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं.

माणकेश्वरच्या देवळापाशी आम्ही अर्धा दिवस काढला. दिगंबर बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती मोजत बसला. इस्माईलनं मूर्तींकडं फारसं बघितलं नाही. तो दोन दगडांच्या सांध्यावरून नख फिरवत होता. "चुना न्हाय, काय न्हाय," तो म्हणाला. "दगडानं दगड धरलाय नुसता. ज्यानं बसवला त्याला घरी जाऊन झोप लागली असंल." बापू म्हणाला, "तुझ्या माळवदाखाली आमाला पावसाळ्यात झोप लागत न्हाय, त्याचं बघ आधी." इस्माईल खरंच विचारात पडला आणि म्हणाला, "तुमच्या घरचा उतार चुकलाय. आल्यावर बघतो."

चौथ्या दिवशी तेरच्या अलीकडं, तेरणा नदीच्या काठच्या एका खेड्यात आम्ही थांबलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही. एका कडुनिंबाखाली बसून आम्ही शिळे धपाटे सोडले, तर समोरच्या घरातली बाई बाहेर आली. पोरांनो, असलं वाळकं काय खाताय म्हणाली, आणि आम्हाला घरात नेऊन वरण, भाकरी, कांदा आणि ताक वाढलं. तिचं नाव कोंडाबाई. नवरा उमरग्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून एकदा यायचा. घरात ती आणि तिची म्हातारी सासू. जेवताना इस्माईलचं लक्ष वर होतं. एका कोपऱ्यात तुळई काळी पडली होती.

"मावशी, गेल्या साली माती टाकली न्हाय का?"

"कोण टाकणार बाबा? ह्यांना सवड न्हाय, आन् मजूर मिळंना."

"आमी टाकतो. दुपार हाय, असंही बसूनच राहणार."

कोंडाबाई नको नको म्हणाली. पाहुण्याकडून काम करून घ्यायचं म्हणजे तिला लाज वाटली. पण इस्माईल उठून हात धूत म्हणाला, "मावशी, फुकटची भाकरी खाल्ली म्हणून कळलं तर अब्बा मला दारात उभं करणार न्हाईत." मग म्हातारीनंच आतून सांगितलं, "करू दे गं. पोराची नजर कारागिराची हाय." कुदळ, फावडं आणि दोन पाट्या शेजारून आणल्या. दिगंबर वर माळवदावर जुनी माती सारखी करायला थांबला. आम्ही तिघं गावाबाहेरच्या पांढरीवर गेलो.

ते टेकाड नदीच्या बाजूनं आधीच खूप कापलेलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी माती नेऊन दोन पुरुष उंचीचा सरळ कडा झाला होता. त्यात गावाचे थर दिसत होते: राखेचा, विटांच्या चुऱ्याचा, पुन्हा राखेचा. अशा ठिकाणी माती काढायची सगळीकडं एकच रीत आहे. वरून खणत कुणी बसत नाही. कड्याचं पोट खालून कोरायचं, म्हणजे वरचा भाग आपल्या वजनानं सुटतो आणि एका दणक्यात दहा-वीस पाट्या माती मिळते. दर उन्हाळ्यात या रीतीनं कुठं ना कुठं माणूस मरतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात लोक पुन्हा तसंच खणतात. दस्तगीरचाचांचा मात्र नियम होता. पोट कोरताना एक माणूस वर उभा पाहिजे. कड्यापासून हात-दोन हातांवर जमिनीला केसासारखी भेग असतेच. त्या भेगेवर चिखलाची रुपयाएवढी टिकली थापायची. भेग सुताएवढी जरी हलली तरी टिकली तडकते, आणि वरच्यानं हाक मारायची. चाचांच्या हाताखाली पन्नास-साठ माणसांनी माती काढली असेल. त्यांतल्या एकालाही कधी खरचटलं नव्हतं.

मी वर होतो. वर उभं राहायचं काम मला दिलं, कारण मला कुदळ धड चालवता येत नव्हती. इस्माईल खाली पोट कोरत होता आणि बापू पाट्या भरून बाजूला ढीग करत होता.

पहिली टिकली मी पाण्याच्या बाटलीतलं पाणी मातीत कालवून केली. पाच मिनिटांत ती तडकली. मी ओरडलो, "इस्माईल, बाहेर ये!" तो उडी मारून बाहेर आला, बापू पाटी टाकून पळाला. काहीच झालं नाही. मी दुसरी केली, तीही तडकली, मी पुन्हा ओरडलो, पुन्हा दोघं पळाले, आणि कडा तसाच. बापू पोट धरून हसायला लागला. "आता म्हशी आल्या का रे मास्तर? चांगली बघ!" इस्माईल हसला नाही. तो वर आला, माझी टिकली बघितली आणि म्हणाला, "पातळ केलीस. उन्हानं फुटली ही. बघ, कोंबडीच्या पायासारखी चहूकडं फाटलीय." कोंडाबाईच्या गोठ्यातून मूठभर भुसा आणि शेण त्यानं येतानाच आणलं होतं. त्यानं स्वतः मिसळण केलं, बराच वेळ बोटांनी मळलं आणि भेगेवर टिकली थापून अंगठ्यानं तिच्या कडा दाबल्या. "ही उन्हानं फुटायची न्हाय," तो म्हणाला. "भेगेचा तडा वेगळा असतो. सरळ असतो, भेगेच्या अंगानं जातो. तसा दिसला की हाक मार. बापू हसू दे."

हे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. त्यातला एकही मी विसरलो नाही.

तो पुन्हा खाली गेला. उन्हं कलायला लागली होती. माझ्या खालून कुदळीचा आवाज येत होता, दबलेला, कारण तो आता कमरेपर्यंत आत होता. मी उकिडवा बसून टिकलीकडं बघत होतो. आणि ती तडकली. आवाज नाही, काही नाही. आधी नव्हती ती एक रेघ तिच्यावर होती. सरळ, भेगेच्या अंगानं.

मी तोंड उघडलं. ते उघडलेलं मला आठवतं. त्याच वेळी खालून बापूचा आवाज आला, "काय मास्तर, टिकली काय म्हणती? कोंबडी का म्हस?"

मी म्हणालो, "काय न्हाय."

मला वाटलं, आणखी थोडं बघू. रेघ रुंदावली तर खात्री होईल. बापूची एक पाटी भरून झाली, तो ती घेऊन ढिगाकडं गेला आणि रिकामी करून वळला, तेवढा तो वेळ होता. त्या वेळात मी नुसता बघत बसलो. मग माझ्या पुढची जमीन गेली. माझ्या पायाच्या नखांपासून पुढं काही उरलं नाही, आणि पांढरा धुरळा वर आला.

गाव धावून आलं. बायका, म्हातारी माणसं, सगळ्यांनी हातांनी माती उपसली. कुदळ लागेल म्हणून कुदळ वापरता येत नव्हती. त्या मातीतून शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघत होते आणि बायका ते बाजूला टाकत होत्या. कोंडाबाई छाती बडवत होती, "माझ्या मेलीच्या छतापायी, माझ्या छतापायी." बापूच्या बोटांची नखं निघाली तरी तो थांबेना. इस्माईल सापडला तेव्हा गुडघे पोटाशी घेऊन बसलेला होता. त्याच्या तोंडात माती होती. ती मी काढली.

पोलीस जमादार आला. बाजेवर बसून त्यानं विचारलं, "वर कोण होतं?" मी म्हणालो, मी. "तडा-बिडा दिसला का?" मी म्हणालो, "न्हाय." मला विचार करायला वेळ नव्हता, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण 'काय न्हाय' हे बापूनं माझ्या तोंडून आधीच ऐकलं होतं. मला फक्त तेच पुन्हा म्हणायचं होतं.

निरोप मिळून दुसऱ्या दिवशी उजाडता दस्तगीरचाचा जीपमधून आले. त्यांनी इस्माईलच्या तोंडावरून हात फिरवला, मग उठून एकटेच टेकाडावर चढले. मी मागोमाग गेलो. कडा जिथून तुटला होता तिथं ते वाकून काहीतरी शोधत होते. टिकली खाली मातीत गेली होती.

"टिकली लावली व्हती?"

"व्हय चाचा."

"फुटली न्हाय?"

"न्हाय."

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "टिकली व्हती म्हणून तो एवढा आत गेला. नसती तर गेला नसता." तेव्हा मला त्याचा अर्थ पूर्ण कळला नाही. मला एवढंच कळलं की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण सुटल्यासारखं वाटलं होतं.

आमची वाट तिथंच संपली. धाराशिवची लेणी मी आजवर पाहिली नाहीत. सोलापूरहून हैदराबादकडं जाताना बसच्या खिडकीतून नळदुर्गचा किल्ला दोनदा दिसला. दोन्ही वेळा मी डोळे मिटून घेतले.

चाळिसावा झाल्यावर एका दुपारी चाची आमच्या घरी आली. ती पूर्वी कधी आमच्याकडं एकटी आली नव्हती. आईनं तिला सतरंजीवर बसवलं, चहा दिला, तो तिनं घेतला नाही. अण्णा आतल्या खोलीत होते. चाची मला म्हणाली, "विलास, माझ्याकडं बघ. तू आमच्यात जेवलेला पोरगा. मला एकच सांग. टिकली खरंच फुटली नव्हती?"

पहिल्या वेळी मी घाबरलेला होतो. या वेळी नव्हतो. मला विचार करायला चाळीस दिवस मिळाले होते. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "न्हाय चाची. फुटली नव्हती." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, बुरखा सावरला आणि गेली. आई तोंडाला पदर लावून रडत होती. अण्णा बाहेर आले आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मी शिकायला लातूरला गेलो तो तिथलाच झालो. शिकवायला लागलो. परंड्याला जायचो ते अण्णा-आईसाठी, संध्याकाळी जाऊन सकाळी परतायचो. मिस्त्रींनी काम सोडलं एवढं कानावर होतं. लोक म्हणायचे, पोरगा गेल्यावर हात चालंना. मीही तेच मानून घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात बापूचा फोन आला. तो आता शेती बघतो, आवाज खाली गेला आहे, आणि कुणाची टिंगल करताना मी त्याला नंतर कधी ऐकलं नाही. "दस्तगीरचाचा लई थकलेत," तो म्हणाला. "भेटायचं असंल तर ये." मग म्हणाला, "विलास, मी त्या दिवशी हसलो नसतो तर तू टिकलीकडं नीट बघितलं असतं का रे? माझ्या मनातून जात न्हाय." मी त्याला म्हणालो, "तसं काय न्हाय बापू." दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी परंड्याला गेलो.

चाचांच्या घरावर आता स्लॅब आहे. अंगणातला खड्डा बुजवला आहे. चाची नऊ वर्षांपूर्वी गेली. जुबेदा माहेरी येऊन वडिलांचं बघते. चाचा बाजेवर बसले होते, हातापायांच्या काड्या झालेल्या, पण नजर साबूत. मला ओळखून म्हणाले, "मास्तरचा विलास ना? बैस." जुबेदा चहा ठेवून आत गेली. मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोललो असतो.

"चाचा, टिकली फुटली होती. मी बघितली होती. हाक मारली न्हाय."

ओरडतील, उठतील, काहीतरी मारतील, असं मी एकतीस वर्षं चितारत आलो होतो. त्यांनी विचारलं, "मिसळण कुणाच्या हातचं व्हतं?"

"इस्माईलच्या. माझ्या दोन उन्हानं फुटल्या, म्हणून त्यानं वर येऊन स्वतः केली."

"भुसा घातला व्हता?"

"भुसा आणि शेण. लई वेळ मळलं त्यानं."

"तडा कसा गेला?"

मी खाली बसलो आणि फरशीवर बोटानं रेघ काढली. सरळ. ते वाकून त्या नसलेल्या रेघेकडं बघत राहिले.

"म्हंजी बरोबर केली व्हती पोरानं," ते म्हणाले.

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "कामावरची पोरं म्या त्याच महिन्यात लावून दिली," ते म्हणाले. "म्हटलं, माझ्या शिकवण्यात खोट हाय. माझा भरवसा धरून आणखी कुणी आत जाईल. त्यांनी हात जोडले, पण म्या न्हाय शिकवलं. कुणालाच न्हाय." मग त्यांनी हाक मारली, "जुबेदा, हिकडं ये." ती ओले हात पुसत आली. ते मला म्हणाले, "हिला सांग. पहिल्यापासनं सांग."

मी पुन्हा सगळं सांगितलं. कोंडाबाईची भाकरी, माझ्या दोन टिकल्या, बापूचं हसणं, तिसरी टिकली, माझं 'काय न्हाय'. चाची आमच्या घरी आली तेही सांगितलं, आणि मी तिच्याकडं बघून काय बोललो ते. जुबेदा दाराला टेकून उभी होती. मी थांबल्यावर तिनं चहाचा कप उचलला. मी त्याला हात लावला नव्हता.

"तुमच्या घरून आली त्या दिवसापासनं अम्मी अब्बांशी बोलली न्हाय," ती म्हणाली. "जेवण वाढायची, पाणी ठेवायची. बावीस वर्षं. मी मधी निरोप्या. अब्बांना हे सांग, अब्बांना ते सांग, एकाच खोलीत बसून. मी एकदा भांडले तिच्याशी. तर म्हणाली, त्या पोरानं माझ्या डोळ्यात बघून सांगितलंय, ते खोटं कसं असंल? मग माझं लेकरू ह्यांच्याच शिकवण्यानं मेलं."

ती वडिलांकडं वळली.

"आणि अब्बा, तुमी तरी? पन्नास माणसं तुमच्या टिकलीवर जगली. एकदा तरी म्हणायचं की माझी टिकली चुकायची न्हाय, मास्तरचा पोरगाच काहीतरी लपवतोय. तुमी का न्हाय म्हणालात?"



"म्हणलो असतो," चाचा म्हणाले. "पण मलाबी त्याचंच खरं वाटलं."